गंजिफेचा न्याय

पत्त्यांच्या खेळाकडे मराठी घरांतील वडील माणसें फारशा आदरानें कधीं पाहत नसत. अभ्यास बुडविणारा, वेळ खाणारा आणि पैसा लागला तर घरहि बुडविणारा खेळ, अशीच त्याची ख्याति. ही ख्याति सर्वस्वीं खोटी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु या रागाच्या भरांत एक गोष्ट पाहावयाची राहून गेली. पत्त्यांच्या एका जोडांत केवढा तरी विचार सांठविलेला असतो. तीन-चार माणसें तासन्‌तास एकत्र बसून, भांडण न होतां, डावामागून डाव खेळतात, याचा अर्थ कोणीतरी त्या डावाची घटना अगोदर नीट तोलून ठेवलेली असते. कोणत्या रंगाला किती पानें, कोणत्या पानाला किती मान, पहिली उतारी कोणाची, या प्रश्नांचीं उत्तरें ज्या खेळांत सर्वांना न्याय्य वाटतात, तोच खेळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. बाकीचे खेळ चार दिवस करमणूक करून विसरले जातात.

अशा तोललेल्या खेळाचा एक उत्तम नमुना कोंकणच्या दक्षिण भागांत घडत आला आहे. मालवणचा किनारा मागें टाकून सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळलें कीं मोती तलावाच्या कांठीं सावंतवाडीचा राजवाडा लागतो. १९४८ पर्यंत हें सावंत-भोसले घराण्याचें संस्थान होतें. पुढें तें रत्नागिरी जिल्ह्यांत आलें आणि १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर त्या जिल्ह्यांत मोडूं लागलें. येथील चितारी लोक लाकडी खेळण्यांबरोबर हातानें रंगविलेले, लाखेनें झळाळणारे वाटोळे पत्ते बनवीत आले. त्यांनाच गंजिफा म्हणतात. २०२४ सालीं सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनहि मिळालें. पाहुणे मोठ्या हौसेनें ती विकत घेतात, भेट देतात, चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावतात. चित्रें तशीं देखणीं आहेतच. पण हीं चित्रें भिंतीसाठीं काढलेलीं नव्हतीं. तीं हातांत धरण्यासाठीं होतीं. तीं हातांत कशीं धरलीं जात, कोणत्या नियमानें पडत, आणि तो नियम इतका समतोल कसा झाला, हें समजल्यावांचून गंजिफा समजली असें म्हणतां येणार नाहीं.

गंजिफा हा शब्द फारसी भाषेंतून आपल्याकडे आला. हिंदुस्थानांतील तिचा प्रसिद्ध जुना उल्लेख बाबर बादशहाच्या आत्मचरित्रांत सांपडतो. १५२७ सालीं त्यानें आपल्या एका सेवकाबरोबर सिंध प्रांतीं शाह हसन याच्याकडे गंजिफा पाठविली. शाह हसनला त्या खेळाचा शोक होता आणि त्यानें ती मागितली होती. अकबराच्या कारकीर्दींत अबुल फजल यानें 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथांत या खेळाचें सविस्तर वर्णन केलें. आठ रंग, प्रत्येक रंगाचीं बारा पानें, एकूण ९६ पानें, असा एक जोड त्या काळीं चालत होता. ताज म्हणजे मुकुट, सफेद म्हणजे रुप्याचें नाणें, शमशेर म्हणजे तरवार आणि गुलाम म्हणजे सेवक, हे चार रंग एका बाजूचे. चंग म्हणजे तंतुवाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचें नाणें, बरात म्हणजे दफ्तराचा कागद आणि किमाश म्हणजे कापडचोपड, हे चार दुसऱ्या बाजूचे. एखाद्या दरबाराचीं खातींच एकामागून एक पुढें मांडावीं, तसे हे आठ रंग आहेत. खजिना, शस्त्रागार, दफ्तर, कोठी, गाणेंबजावणें, कांहीं सुटलें नाहीं. प्रत्येक खात्याचा एक राजा, त्याच्या हाताखालीं एक प्रधान आणि त्याखालीं एकापासून दहापर्यंत आंकड्यांचीं पानें, अशी ही व्यवस्था आहे.

अबुल फजलनें याच प्रकरणांत एक मार्मिक शेरा मारला आहे. प्राचीन शहाण्यांनीं बारा ही संख्या पायाला धरून प्रत्येक रंगाचीं बारा पानें केलीं. परंतु बारा रंगांचे बारा राजे निरनिराळ्या प्रकारचे असावेत, हें मात्र ते विसरले, असा त्याचा आक्षेप आहे. अकबरानें ती उणीव भरून काढली. अश्वपति, गजपति, नरपति, गढपति, धनपति, दलपति असे राजे त्यानें योजिले. नौकांचा राजा, देवांचा राजा, असुरांचा, वनचरांचा आणि सर्पांचा राजाहि त्यांत आहे. बारा रंग आणि १४४ पानें असा हा जोड होता. पत्त्यांचा जोड ही मनुष्यानें रचलेली वस्तु आहे, तिच्यांत दोष असूं शकतो, आणि तो विचारानें सुधारतां येतो, ही जाणीव त्या काळच्या दरबारांत कशी जागी होती, हें यावरून दिसतें.

दक्षिणेंत हा आठ रंगांचा जोड चंगकांचनी या नांवानें ओळखला जाऊं लागला. पण मराठी मुलखांत खेळाला खरें घरचें रूप मिळालें तें दशावतारी गंजिफेनें. तीत दरबाराच्या खात्यांऐवजीं विष्णूचे दहा अवतार रंग म्हणून आले: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. सावंतवाडींतील या कलेचें नांव परंपरेनें तिसरे खेमसावंत यांच्या अमदानीशीं जोडलें जातें. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३ अशी दीर्घ होती. विषय निवडण्यांतहि मोठें शहाणपण होतें. ज्या दक्षिण कोंकणांत जत्रेच्या रात्रीं देवळापुढें दशावतारी नाटकें होतात, तेथें अवतारांची नांवें आणि त्यांचा क्रम कोणालाहि शिकवावा लागत नाहीं. नवा खेळ शिकतांना मनुष्याला पहिला त्रास नांवांचा होतो. येथें तो मुळांतच नाहींसा झाला. शिवाय पत्ते खेळतां खेळतां देवाचें नांव तोंडीं येतें, या सबबीवर घरांतील वडिलांचा विरोधहि थोडा मवाळ होत असल्यास नवल नाहीं.

आतां या जोडाची घटना पाहूं. दहा रंग, प्रत्येकीं बारा पानें, एकूण १२० पानें. मुख्य डाव तिघांचा, म्हणून प्रत्येकास बरोबर ४० पानें येतात. हा भागाकार वाटतो तितका साधा नाहीं. बारा ही संख्या दोहोंनीं, तिहींनीं, चोहोंनीं आणि साहांनींहि निःशेष भागली जाते. त्यामुळें रंगांची संख्या कितीहि ठेविली तरी तिघांची वांटणी कधींच अडत नाहीं. आठ रंगांच्या ९६ पानांत प्रत्येकीं ३२ येतात. नवग्रहांच्या नऊ रंगांची गंजिफा केली तर १०८ पानांत प्रत्येकीं ३६. बारा राशींची केली तर १४४ पानांत प्रत्येकीं ४८. नवे विषय घेऊन नवे जोड रचणाऱ्या चिताऱ्याला एवढें एक पथ्य पुरेसें होतें. रंग वाढवा, कमी करा, चित्रें बदला; रंगाचीं पानें मात्र बारा ठेवा. आपल्या नेहमींच्या छापील ५२ पानांत ही सोय नाहीं. तेथें चौघे बसले तर ठीक. तिघे बसले कीं प्रत्येकीं सतरा वांटून एक पान उरतें. म्हणूनच घराघरांतील पांच-तीन-दोनच्या डावासाठीं २२ पानें बाजूला काढून ३० पानांवर खेळावें लागतें.

यापुढची योजना गंजिफेचें खरें वैशिष्ट्य आहे. प्रत्येक रंगांत राजा सर्वांत मोठा आणि त्याखालीं प्रधान, हें ठरलेलें. पण त्याखालचा क्रम सर्व रंगांत सारखा नाहीं. परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की या पांच रंगांत प्रधानाखालीं दश्शी, मग नव्वी, अठ्ठी, असें उतरत उतरत एक्का सर्वांत हलका ठरतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह आणि वामन या पहिल्या पांच रंगांत मात्र सारें उलटें. तेथें प्रधानाखालीं एक्का, मग दुर्री, तिर्री, आणि दश्शी सर्वांत शेवटीं. एखाद्याच्या हातांत परशुरामाची नव्वी आणि मत्स्याची नव्वी अशीं दोन पानें असलीं, तर पहिलें पान आपल्या रंगांत वरून चौथें आणि दुसरें वरून अकरावें. चिन्हें दोन्हींवर नऊच. योग्यता मात्र जमीनअस्मानाइतकी निराळी. आठ रंगांच्या गंजिफेंतहि असेच चार सुलटे आणि चार उलटे रंग आहेत.

हा उलटा क्रम कशासाठीं? वरवर पाहणाऱ्यास वाटतें कीं त्यामुळें रंगारंगांत बळाची वांटणी सारखी होते. हिशेब करून पाहिलें तर तसें नाहीं. प्रत्येक रंग ही बारा पायऱ्यांची स्वतंत्र शिडी आहे. वरच्या पायरीवर एक्का बसविला काय किंवा दश्शी बसविली काय, पायऱ्या बाराच राहतात, आणि वरच्या पायऱ्या कोणाच्या वांट्याला येतील याचा संभवहि तितकाच राहतो. उलट्या क्रमाचा परिणाम नशिबावर होत नाहीं. तो होतो खेळणाऱ्याच्या लक्षावर. सर्व रंगांत दश्शी मोठी असती, तर दाट चिन्हांचीं पानें चांगलीं आणि विरळ चिन्हांचीं वाईट, एवढें डोळ्यांनींच ठरलें असतें, बुद्धीला काम उरलें नसतें. येथें प्रत्येक पान उचलतांना दोन प्रश्न विचारावे लागतात: पान कितीचें, आणि कोणत्या अवताराचें? दोन्ही उत्तरें एकत्र आल्याशिवाय पानाची किंमत कळत नाहीं. खेळांत कौशल्याला जागा करून द्यावयाची आणि नशिबाला मात्र धक्का लावावयाचा नाहीं, हें साधण्याची इतकी स्वस्त युक्ति दुसरी क्वचितच सांपडेल. तिच्यासाठीं एकहि जादा पान लागत नाहीं, एकहि जादा चिन्ह काढावें लागत नाहीं. क्रम तेवढा फिरवावा लागतो.

हा क्रम ध्यानांत ठेवण्यास अवतारकथांचाहि उपयोग होतो. मनूच्या ओंजळींत आलेला मासा लहानच होता. बळीच्या यज्ञमंडपांत आलेला बटु तर नांवानेंच वामन. पहिल्या पांच अवतारांची मालिका अशा रीतीनें लहानापासून निघून लहानापाशींच येऊन थांबते. तेथें लहान आंकडा मोठा मानावा, हें मुलांनाहि चटकन्‌ पटतें. परशुरामापासून पुढें धनुष्य, परशु आणि तरवार धारण करणाऱ्या पुरुषांचा काळ सुरू होतो. तेथें मोठी संख्या मोठी. हा इतिहास नव्हे, स्मरणाची सोय आहे. पण ज्या खेळाचा नियम गोष्टींत बसवून सांगतां येतो, तो खेळ आजीच्या मांडीवर बसूनहि शिकतां येतो.

क्रम उलटा फिरविण्याची ही युक्ति केवळ आपल्याकडचीच आहे असें मात्र नाहीं. इटलींत पंधराव्या शतकांत निघालेल्या टॅरो नांवाच्या खेळांत तरवार आणि दंड या दोन रंगांत दश्शी वरचढ असे, तर प्याला आणि नाणें या दोन रंगांत एक्का वरचढ असे. युरोपांतील पत्ते मुसलमानी देशांतून तिकडे गेले, हें आतां सर्वमान्य आहे. इस्तंबूल येथील तोपकापी राजवाड्याच्या संग्रहांत ईजिप्तच्या मामलुक राजवटीचा एक जुना जोड आहे. लिओ मायर या पंडितानें १९३९ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे चार रंग प्याला, नाणें, तरवार आणि चौगानाची काठी हे आहेत. आणि इटलीचे जुने चार रंगहि जवळजवळ तेच. पश्चिमेकडे टॅरो आणि पूर्वेकडे गंजिफा, या दोहोंत निम्मे रंग सुलटे आणि निम्मे उलटे आढळावेत, ही गोष्ट जुन्या जगांत खेळांच्या कल्पना किती दूरवर प्रवास करीत याची साक्ष मानावयास हरकत नाहीं. पुढें युरोपांतील बहुतेक खेळांनीं ही युक्ति टाकून दिली. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं आणि खेळणाऱ्यांनीं ती जपली.

समतोलाचा दुसरा प्रश्न पहिल्या उतारीचा. जो प्रथम खेळतो त्याला कांहीं लाभ असतोच. तो लाभ नेहमीं एकाच जागेला किंवा एकाच रंगाला मिळाला तर खेळांत अन्याय शिरतो. गंजिफेनें त्यावर सुंदर तोड काढली आहे. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हातीं रामाचा राजा आला असेल त्याची पहिली उतारी. दिवे लागल्यावर मांडला तर ज्याच्या हातीं कृष्णाचा राजा असेल त्याची. राम सूर्यवंशी, म्हणून दिवसाचा धनी. कृष्ण चंद्रवंशी, म्हणून रात्रीचा. आठ रंगांच्या जुन्या गंजिफेंत दिवसा सुर्ख आणि रात्रीं सफेद, म्हणजे सोनेरी सूर्याचा आणि रुपेरी चंद्राचा रंग, असाच नेम होता. दशावताराचा विषय घेतांना जुन्या नियमाचा अर्थ न सोडतां नवीं नांवें कशीं चपखल बसविलीं, हें येथें दिसून येतें. या मानाचीहि मर्यादा ठरलेली आहे. रामाच्या राजाला पहिली उतारी मिळते, एवढेंच. तो मत्स्याच्या राजाला मारूं शकत नाहीं. मुख्य खेळांत कोणत्याहि रंगाची दुसऱ्या रंगावर सत्ता नसते.

छापील पत्त्यांत ज्याला आपण हुकूम म्हणतों, त्याहून गंजिफेंतील हुकूम निराळा. ज्या पानाहून मोठें असें त्या रंगाचें एकहि पान खेळावयाचें उरलें नाहीं, तें पान त्या क्षणीं हुकूम होय. आरंभीं दहा राजे हे दहा हुकूम. नरसिंहाचा राजा पडला कीं त्याचा प्रधान हुकूम होतो. प्रधानहि गेला कीं नरसिंहाचा एक्का. एक्काहि पडून गेल्यावर हातांतील क्षुल्लक दुर्रीला एकाएकीं राजाची योग्यता येते. पण ती आली आहे, हें ओळखणार कोण? ज्यानें पडलेलें प्रत्येक पान मनांत नोंदविलें आहे तोच. १२० पानांतून दहा रंगांचा हिशेब, तोहि अर्ध्या रंगांत चढता आणि अर्ध्यांत उतरता, मनांत ठेवणें म्हणजे स्मरणशक्तीची कसोटीच होय.

येथें पुन्हां अंकगणिताकडे वळावें. तिघांत १२० पानें म्हणजे एकंदर हात ४०. राजे आणि प्रधान मिळून चित्रपानें २०. हीं सारीं चित्रपानें एकेक हात करूं शकलीं असें धरलें तरी निम्मे हात राहतातच. ते आंकड्यांच्या पानांनींच करावे लागतात, आणि आंकड्यांच्या पानाला हुकमाची योग्यता केव्हां आली तें स्मरणानेंच कळतें. चांगलीं चित्रें हातीं येणें हा नशिबाचा भाग. तो कोणी टाळूं शकत नाहीं, कारण दहा राजे तिघांत सारखे वांटलेच जात नाहींत. पण नशिबाच्या बरोबरीनें बुद्धीला वांटा राखून ठेविलेला आहे. नवख्याला एखादा डाव जिंकतां यावा आणि जाणत्यानें बहुतेक डाव जिंकावेत, हीच चांगल्या खेळाची खूण आहे. तीन डाव हरलेला मनुष्य चौथ्या डावाला उत्साहानें बसतो तो या भरंवशावरच.

नियमांचा हा न्याय चिताऱ्याच्या हातानें पुरा होतो. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून जाड पुठ्ठा करावयाचा, त्यावर पांढऱ्या मातीचा लेप देऊन तो दगडानें घोटून गुळगुळीत करावयाचा, गोल चकत्या कापावयाच्या, रंगवावयाच्या आणि शेवटीं लाखेचा हात द्यावयाचा. यांतील प्रत्येक कृतीचा डावाशीं संबंध आहे. चकती गोल असल्यानें पानाला कोपरा नाहीं. जो दुमडतो, झिजतो आणि पान ओळखवून देतो तो कोपराच नाहीं. सर्व पानांची पाठ एकाच रंगाची आणि डागरहित ठेवावी लागते. एका पानाच्या पाठीवर केसाएवढी रेघ उमटली, तर तें पान मागून ओळखूं येणार आणि १२० पानांचा सारा जोड अप्रामाणिक होणार. छापखान्यांत एकसारखेपणा यंत्र देतें. येथें तो हातानें १२० वेळां साधावा लागतो. लाखेमुळें पानें एकमेकांवरून सहज घसरतात. हीं वाटोळीं पानें हातांत पिसण्यासारखीं नसल्यामुळें तीं चादरीवर पालथीं पसरून कालवितात, आणि तेथें या गुळगुळीतपणाचा उपयोग होतो.

दर्शनी बाजूलाहि तोच विचार. प्रत्येक अवताराच्या पानांची भूमि निराळ्या रंगाची असते आणि चिन्हहि निराळें: मत्स्याला मासा, कूर्माला कांसव, परशुरामाला परशु, रामाला बाण. राजा सिंहासनावर सपरिवार बसलेला, तर प्रधानाचें चित्र त्याहून साधें, म्हणजे दोघांत घोटाळा नको. मंद दिव्याच्या उजेडांत, चाळीस पानांतून, क्षणार्धांत हवें तें पान ओळखतां आलें पाहिजे. म्हणून भूमीचा रंग, चिन्हाचा आकार आणि चिन्हांची संख्या अशी तिहेरी ओळख प्रत्येक पानाला दिलेली आहे. श्रीमंतांसाठीं हस्तिदंतावर किंवा कांसवाच्या पाठीवर काढलेले दरबारी जोड होत आणि सामान्यांसाठीं कागदाचे किंवा कापडाचे बाजारी जोड. पण दोहोंत नियम एकच. राजवाड्यांतील रामाच्या एक्क्याला ओसरीवरील रामाच्या एक्क्याहून अधिक किंमत नव्हती.

पत्ते रचण्याच्या कलेंत अतिरेक केला तर काय होतें, याचें उदाहरण म्हैसूरच्या दरबारांत सांपडतें. तेथील महाराज तिसरे कृष्णराज वोडेयर, जे १७९९ सालीं गादीवर आले आणि १८६८ सालीं निवर्तले, हे मोठे विद्याव्यासंगी होते. 'श्रीतत्त्वनिधि' या त्यांच्या प्रचंड ग्रंथांत त्यांनीं पत्त्यांचे अनेक नवे जोड वर्णिले आहेत. त्यांतील कांहीं जोड तीनशेंहून अधिक पानांचे आहेत. देवता, ऋषि, ग्रह, राशि यांची त्यांतील रचना विद्वत्तेनें भरलेली आहे आणि त्यांचीं चित्रें अप्रतिम आहेत. पण हे खेळ दरबाराबाहेर रुजले नाहींत. कागदावर तोल साधणें निराळें आणि मनुष्याच्या डोक्याला पेलेल असा तोल साधणें निराळें. दशावतारी गंजिफेचीं १२० पानें हीं स्मरणाला ताण देतात, पण तें मोडून टाकीत नाहींत. किती भार घालावा यापेक्षां कोठें थांबावें, हें कळणें अधिक अवघड. आणि तें एका कल्पक राजापेक्षां शेंकडों खेळणाऱ्यांच्या पिढ्यांनाच अधिक चांगलें कळतें.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांतून छापील पत्ते येऊं लागले आणि गंजिफेचा काळ फिरला. नवा जोड स्वस्त होता, खिशांत मावत होता. रंग चारच आणि क्रम सर्व रंगांत एकच, म्हणून शिकण्यास सोपा होता. हातानें रंगविलेल्या जोडाला जेथें अनेक दिवस लागत, तेथें छापील जोड दुकानांतून क्षणांत मिळूं लागला. चिताऱ्यांचीं घरें हळूहळू दुसऱ्या कामाकडे वळलीं. विसाव्या शतकाच्या मध्याला सावंतवाडींत ही विद्या जाणणारीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच राहिलीं होतीं. त्या वेळीं राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं वृद्ध चिताऱ्यांकडून ही कला स्वतः समजून घेतली, आणि १९७० नंतरच्या वर्षांत राजवाड्यांतच कारागिरांना बसवून तिला पुन्हां ऊर्जितावस्था आणली. मुंबईंत दीर्घकाळ राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनीं देशभरच्या गंजिफा जमवून त्यांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियमनें प्रसिद्ध केला. या प्रयत्नांमुळें चित्र वांचलें.

डाव मात्र अजून पुरता वांचलेला नाहीं. ओडिशांत, पुरीच्या आसपास, गंजपा या नांवानें हा खेळ खेळणारे लोक अद्याप भेटतात. महाराष्ट्रांत गंजिफा विकत घेणारे पुष्कळ, खेळणारे विरळा. मानांकनानें नांवाचें रक्षण होतें, वस्तूचें होतें, कारागिराच्या पोटापाण्याचेंहि कांहींसें होतें. मत्स्याची दुर्री दश्शीहून मोठी, हें ज्ञान मात्र कोणत्याहि दफ्तरांत नोंदवून जिवंत राहत नाहीं. तें खेळणाऱ्यांच्या बैठकींतच जिवंत राहतें. ज्या पानाचा मान कोणालाच ठाऊक नाहीं, तें पान राहत नाहीं. नुसतें चित्र होतें. आणि खेळणारा नाहींसा झाला कीं चिताऱ्यावरचा धाकहि नाहींसा होतो. भिंतीवर लावण्याच्या चकतीची पाठ डागाळली तरी कोणी तक्रार करीत नाहीं. डावांतील पानाची पाठ डागाळली तर तीन माणसें तें पान परत करतात. कारागिरी चोख ठेवणारी खरी शक्ति त्या तिघांच्या नजरेंत होती.

हें नष्ट होऊं नये असें ज्यांना वाटतें, त्यांना महागडा जोड मिळेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. शाळकरी मुलांना जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापून घरच्या घरीं गंजिफा करतां येईल. अवतारांऐवजीं कोंकणांतील फळें घ्यावींत, किनाऱ्यावरचे किल्ले घ्यावेत, नक्षत्रें घ्यावींत. विषयाला बंधन नाहीं. जुन्या रचनाकारांनीं घालून दिलेलीं चार पथ्यें तेवढीं पाळावींत. प्रत्येक रंगाचीं पानें बारा असावींत, म्हणजे वांटणी अडणार नाहीं. निम्म्या रंगांत क्रम सुलटा आणि निम्म्यांत उलटा असावा, म्हणजे लक्ष झोंपणार नाहीं. पहिल्या उतारीचा मान दिवसा एका रंगाला आणि रात्रीं दुसऱ्याला द्यावा, पण एका रंगाला दुसऱ्यावर सत्ता देऊं नये. आणि सर्व पानांची पाठ अगदीं एकसारखी ठेवावी. असा जोड रंगवितांना मुलांच्या हातून चित्रें कदाचित्‌ वेडींवांकडीं निघतील. डाव मात्र सरळ चालेल. ज्या दिवशीं तीं मुलें आपल्या वाटोळ्या पानांवर हुकूम ओळखूं लागतील, त्या दिवशीं सावंतवाडीच्या चिताऱ्यालाहि पुन्हां चोखंदळ गिऱ्हाईक मिळेल.